डावी बाजू मामींची

नाटक कंपनीत माणसाला दोन नावं असतात. एक आईबापांनी ठेवलेलं. ते पोस्टमनला आणि मतदारयादीला ठाऊक असतं. दुसरं कंपनीने ठेवलेलं. ते मेल्यावरसुद्धा सुटत नाही. कंपनीची बस एकतीस वर्षं चालवणाऱ्या या माणसाचं दुसरं नाव होतं हळूमामा.

नाव ठेवलं कंपनीच्या नायकाने. त्याला प्रत्येक गावात शिरायची घाई. मागच्या बाकावरून तो ओरडायचा, "मामा, मागून बैलगाडी हॉर्न देतेय, तिला वाट द्या!" सगळी बस हसायची. मामा आरशातून त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "साहेब, तुमची तलवार लाकडाची आहे. माझा रस्ता खरा आहे." आणि बस होती त्याच वेगाने चालत राहायची. घाई करायची नसेल तर लवकर निघावं, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक होतं. दुपारी दोनला निघायचं ठरलं की ते एकलाच इंजिन चालू करून बसायचे. नट्या ओले केस घेऊनच धावत यायच्या.

मामी त्याच कंपनीत प्रॉम्प्टर होत्या. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, आणि नट अडखळला की पुढचा शब्द अशा आवाजात पुरवायचा की तो नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. नट थांबला तो विसरला म्हणून, की भूमिकेत बुडाला म्हणून, हे त्याच्या मानेवरून ओळखावं लागतं. मामींनी आयुष्यात कुणाला नको असताना शब्द दिला नाही आणि हवा असताना चुकवला नाही.

बसमध्येही त्यांचं तेच काम चालायचं. कधीतरी एका झाडाच्या फांदीने बसचा डावा आरसा उपटून नेला. मालकांनी तो दोन महिन्यांनी बसवून दिला, पण तोवर मामी पुढे डाव्या सीटवर बसून आरशाचं काम करू लागल्या होत्या, आणि मामांचा काचेपेक्षा बायकोवर भरवसा जास्त. चौक आला की मामा उजवीकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघ." मामी खिडकीतून मान बाहेर काढून डावीकडे बघायच्या आणि दोनपैकी एक शब्द द्यायच्या. "मोकळं", नाहीतर "थांबा". थांबा म्हटलं की मागे खुद्द मालक ओरडत असले तरी मामांचा पाय ब्रेकवरून उठत नसे. एकतीस वर्षं उजवी बाजू मामांची आणि डावी मामींची. डावीकडे बघणं हे आपलं काम आहे, असं मामांच्या कधी मनातच आलं नाही.

दोघांच्या मधे, इंजिनाच्या झाकणावर, दुलईची घडी घालून त्यांची लेक झोपलेली असायची. ऊब मिळायची, घरघर मिळायची. बस थांबली की ती जागी व्हायची आणि असा टाहो फोडायची की कंपनीने तिचंही नाव ठेवून टाकलं : हॉर्न.

ही हॉर्न पुढे शिकून परिचारिका झाली आणि एका मोठ्या प्रवासी जहाजावर नोकरीला लागली. मामी गेल्या तेव्हा ते जहाज जमिनीपासून अकरा दिवसांवर होतं. अकरा दिवसांनी ती परदेशातल्याच एका बंदरावर उतरली, तेव्हा इकडे सगळं आटोपलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी जहाज पुन्हा निघालं. मग करार वाढला, मार्ग बदलला, एकदा सुट्टी मिळाली तेव्हा मामा स्वतःच रुग्णालयात होते आणि भेटायला सक्त मनाई होती. अशी चार वर्षं गेली. एकाच माणसाला मुकलेली दोन माणसं चार वर्षांत एका खोलीत बसली नव्हती. फोनवर बोलणं व्हायचं, पण ते जेवलात का, जेवलीस का, यापुढे जात नसे. पुढचा शब्द देणारी मधून उठून गेली होती.

म्हणून परदेशात राहणाऱ्या भाच्याने फोन केला, "मामा, ताईचं जहाज आमच्या देशात एका बंदराला लागतंय. बारा ते चार तिला मोकळीक आहे. तू ये, आपण गाडी भाड्याने घेऊन जाऊ," तेव्हा हळूमामा आयुष्यात पहिल्यांदा घाईने हो म्हणाले.

भाच्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक इतकं अरुंद स्वयंपाकघर, की फ्रीज उघडला की माणसाने बाहेर यावं. फ्रीजवर त्याच्या पाळ्यांचं वेळापत्रक चिकटवलेलं. तो पावाच्या कारखान्यात कामाला होता. अंगाला कायम खमिराचा आंबूस वास. जायच्या आदल्या संध्याकाळी तो दारातच उभा राहिला, बूटही न काढता.

"मामा, घोटाळा झाला. माझा जोडीदार आजारी पडलाय. उद्या भट्टीवर मलाच उभं राहावं लागणार."

"मग?"

"मग काय, गाडी रद्द करतो."

"गाडी दोघांच्या नावावर घेतलीस ना? माझा परवाना आहे, तो आंतरराष्ट्रीय कागदही आणलाय."

"म्हणून काय एकटा जाणार आहेस? इथे सगळं उलटं आहे. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून."

"रोज आरशात बघून दाढी करतोच की. तिथेही उलटंच असतं."

"मामा, दाढी करताना समोरून ट्रक येत नाही!"

पण दुसरा इलाज नव्हता. त्या बंदराला आगगाडी जात नव्हती, आणि एकुलती एक बस चारला पोचायची. चारला लेक जहाजावर चढणार होती. तिथून जहाज जगाच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं, आणि पुढची सुट्टी चौदा महिन्यांनी. मामांचं वय अडुसष्ट. चौदा महिन्यांचा आकडा त्यांनी मनात एकदाच उच्चारला.

भाच्याने हरल्यासारखी खुर्ची ओढली आणि एका कागदावर लिहायला घेतलं. गाडी ऑटोमॅटिक घ्यायची, म्हणजे हाताला एक काम कमी. दिवसाही दिवे चालू. गोल चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. महामार्ग सोडायचा नाही. त्यावर चौकच नाहीत, शहाण्यासारखं उजव्या पट्टीत राहायचं. फोन वाजला तर वाजू द्यायचा. खाली मोठ्या अक्षरात त्याने लिहिलं : उजवीकडे! मग मामांनी स्वतःची एक युक्ती काढली. मनगटावरचं घड्याळ डाव्या हातातून काढून उजव्या हातात बांधलं. नवख्या नटाला बाजू कळेना की दिग्दर्शक त्याच्या बोटात अंगठी घालायचा, त्यातलीच ही गोष्ट. घड्याळाकडे राहायचं, बस.

सकाळी आठला मामा गाडीच्या कचेरीत हजर. काउंटरवरच्या बाईंनी चष्मा साखळीने गळ्यात अडकवला होता. त्यांनी परवाना पाहिला, पासपोर्ट पाहिला, किल्ली दिली आणि बाहेर उभ्या असलेल्या करड्या गाडीकडे बोट दाखवलं. मामा गेले आणि रुबाबात उजवीकडचं दार उघडून बसले. समोर स्टिअरिंगच नव्हतं. काचेच्या आड बाई हसल्या. मामाही हसले, काहीतरी विसरल्याचा आव आणून समोरचा कप्पा उघडून बघितला, आणि वळसा घालून डावीकडे आले.

मग मात्र त्यांनी बाईंना हसू दिलं नाही. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला. चाकं दाबून पाहिली. दिवे, वायपर, हॉर्न. डिकी उघडून जादा चाक कुठे आहे ते विचारलं, जॅक पाहिला, रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण उघडून पुन्हा मिटून पाहिला. विम्याच्या कागदावरचा अपघाताच्या वेळी लावायचा नंबर बाईंकडून फोनमध्ये घालून घेतला. बाई तुटक इंग्रजीत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत जादा चाक बघणारे तुम्ही पहिलेच."

"बाई," मामा त्याहून तुटक इंग्रजीत म्हणाले, "जादा चाक न बघणारा भेटतो तो रस्त्यातच."

कचेरीमागच्या मोकळ्या आवारात त्यांनी अर्धा तास गाडी फिरवली. गिअर शोधायला डावा हात सारखा दारावर आपटत होता. वळणाचा दिवा लावायला जावं तर वायपर चालू व्हायचा. पण अर्ध्या तासात हात वठणीवर आले. एकतीस वर्षांची विद्या म्हणजे काही पाटीवरची अक्षरं नव्हेत.

रस्त्यावर निघण्याआधी आरसे पुन्हा एकदा नीट करायला मामा सीटवर टेकले, पट्टा लावला आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. ते डाव्या सीटवर बसले होते. मामींच्या. या खिडकीतून मामी मान बाहेर काढायच्या. आणि उजवीकडे, जिथे ते स्वतः एकतीस वर्षं बसले, तिथे कोणीच नव्हतं.

मामी गेल्यानंतर त्यांनी गाडी चालवली नव्हती असं नाही. शेजाऱ्यांची चालवायचे, कुणाला स्टेशनवर सोड, कुणाला दवाखान्यातून आण. पण तेव्हा शेजारी कोणी ना कोणी असायचं, आणि मामा त्याला नकळत कामाला लावायचे : "बघा हो जरा डावीकडे." आयुष्यात पहिल्यांदाच आज शेजारची जागा रिकामी होती.

"निघतो गं," ते म्हणाले, आणि निघाले.

महामार्ग छान होता. दोन्हीकडे कापणी झालेली पिवळी शेतं, मधूनच पाण्याच्या टाक्या. मामा उजव्या पट्टीत नव्वदने चालले होते आणि अख्खा देश त्यांच्या डावीकडून पुढे जात होता. भाच्याने फोनमध्ये मराठीत रस्ता सांगणारी बाई लावून दिली होती. "दोन किलोमीटरनंतर सरळ राहा," ती म्हणायची. आवाज स्वच्छ, उच्चार थोडे सरकारी. मामांना तिची दया आली. ही बिचारी नुसती वाचून दाखवते, बघत नाही. नटाच्या मानेकडे न बघता प्रॉम्प्टिंग करणाऱ्याला मामींनी विंगेतून हाकलून दिलं असतं.

साडेदहाला त्यांनी एका थांब्यावर गाडी लावली, पाय मोकळे केले, कॉफी घेतली. लेकीला संदेश पाठवला : दीडपर्यंत येतो. तिचं उत्तर लगेच आलं : "या. बंदराच्या फाटकासमोर हिरव्या छताचं हॉटेल आहे. खिडकीतली जागा धरून ठेवते. हळू या." शेवटच्या दोन शब्दांवर मामा पोटभर हसले. हळू या म्हणे! जन्मदात्याला!

अकरानंतर रस्त्याचं काम लागलं. तासभर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकल्या, आणि मग केशरी पाट्यांनी सगळ्यांना महामार्गावरून उतरवून गावागावांतल्या रस्त्याला लावलं. रस्ता अरुंद. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, आणि दर मैलाला एक चौक. मामांनी घड्याळ बघितलं. एक वाजला होता. बाईने सांगितलं, अजून पंचाहत्तर किलोमीटर. दीडला पोचणं शक्यच नव्हतं. सव्वादोन. अडीच. आणि चारला लेक वर. त्यातून तिला साडेतीनला फाटकातून आत जावं लागणार. म्हणजे एक तास. चार वर्षांचं एका तासात कसं बसवायचं? काय आधी सांगायचं? शेवटचा आठवडा? की त्याआधी मामी बऱ्या होऊन अंगणात बसायला लागल्या होत्या ते दिवस? मामा मनात संहिता कापू लागले, हा प्रवेश ठेवू, तो गाळू, आणि पायाखाली गाडी सत्तरवरून ऐंशीवर कधी गेली ते त्यांना कळलं नाही.

चौक आला. मामा थांबले, थांबायचं ते कधीच चुकले नसते. उजवीकडे बघितलं. रस्ता रिकामा.

"बघ," ते म्हणाले.

आणि त्यांना ऐकू आलं : "मोकळं."

त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.

डावीकडून लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक आला. कुंपणाआडून एकदम, भिंत यावी तसा. त्याचा भोंगा गाडीच्या पत्र्यातून मामांच्या दातांत शिरला. त्यांचा पाय ब्रेकवर आदळला, ट्रकने अंग चोरलं, आणि ओंडक्यांची साल काचेपुढून वीतभर अंतराने सरकत गेली. इतकी जवळून की त्यावरचं ओलं शेवाळ दिसलं.

मग काहीच नाही. चौक रिकामा. फोनमधली बाई म्हणाली, "उजवीकडे वळा."

मामांनी आधी डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आणि पुन्हा. मग गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वळवली आणि पुढे दिसलेल्या पहिल्या मोकळ्या आवारात आत घातली. इंजिन बंद केलं.

ती लाकडाची वखार होती. करवतीचा आवाज चालू होता. आणि मघाचा ट्रक तिथेच उभा होता, माल उतरवायला आलेला.

ट्रकवाला खाली उतरून मामांच्या खिडकीपाशी आला. दार भरून जाईल असा देह, दाढी छातीपर्यंत. त्याने तोंड उघडलं आणि भडाभडा ओरडला. भाषा कळली नाही, पण ड्रायव्हरला ड्रायव्हरची शिवी कळायला भाषा लागत नाही. मामांनी हात जोडले. ट्रकवाल्याचं लक्ष त्या हातांकडे गेलं, मग पांढऱ्या केसांकडे, मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे. त्याचा आवाज खाली आला. त्याने दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांना लावली आणि डावीकडे दाखवली. पुन्हा डोळे, पुन्हा डावीकडे. लहान मुलाला शिकवावं तसं. मामांनी मान हलवली. तो गेला आणि पाण्याची बाटली आणून त्यांच्या मांडीवर टाकून गेला.

मामा पाणी प्यायले. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता. नेपथ्याच्या कारखान्यात राजवाडा उभा राहत असताना यायचा तसाच. घड्याळात एक वाजून पंचवीस मिनिटं. साठ किलोमीटर. निघालो तर एक तास मिळतो.

उजवा पाय गुडघ्यापासून खाली उडत होता. त्यांनी हाताने दाबून धरला. थांबला. सोडला, तर पुन्हा उडायला लागला.

याबद्दल मामांचा एक नियम होता, आणि कंपनीत तो सगळ्यांना पाठ होता : पाय थरथरला की किल्ली खिशात. एकदा घाटात एक सायकलवाला अगदी चाकाखालून वाचला, तेव्हा मामांनी बस कडेला लावली, किल्ली खिशात घातली आणि चार तास हलले नाहीत. मालक पाया पडायचे बाकी राहिले. नायक म्हणाला, "मामा, थिएटरात आठशे माणसं बसलीत!" मामा म्हणाले, "इथे बावीस बसलीत." एकतीस वर्षांत तेवढाच प्रयोग बुडाला. मालक आठवडाभर बोलले नाहीत. मामी मात्र खुशीत होत्या. त्या रात्रीचा प्रयोग पंधरा दिवसांनी त्याच गावात झाला आणि जास्त रंगला.

पण हा प्रयोग पंधरा दिवसांनी होणार नव्हता.

मामा बसून राहिले. दहा मिनिटं. पंधरा. पाय थांबला असं वाटायचं, किल्लीला हात लावला की पुन्हा सुरू. एकदा त्यांनी इंजिन चालूही केलं. मनात म्हणाले, फक्त साठ. हळू. पण पुढच्या चौकात ते पुन्हा "बघ" म्हणणार होते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना पुन्हा ऐकूही येणार होतं. चार वर्षांत एकदाही न आलेला तो आवाज आज इतका स्वच्छ आला होता की खोटा म्हणवत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो पुन्हा ऐकावा, म्हणूनसुद्धा गाडी सुरू करावीशी वाटत होती.

ते उमगलं तेव्हा ते घाबरले. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली, आणि लेकीला फोन लावला.

"बाबा! पोचलात?"

"नाही गं. अजून साठ किलोमीटर आहे."

"मग फोन कशाला करताय चालवताना?"

"चालवत नाहीये. थांबलोय."

तिच्या मागे भांड्यांचा, माणसांचा आवाज. "गाडीला काही झालं?"

"गाडीला नाही."

"तुम्हाला लागलंय?"

"नाही. ओरखडासुद्धा नाही. डावीकडे बघायचं राहिलं माझं."

हे वाक्य तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती इंजिनाच्या झाकणावर वाढलेली मुलगी होती.

"किल्ली कुठाय?" तिने विचारलं.

"खिशात."

"राहू द्या तिथेच. कुठे आहात ते फोनवरून पाठवा मला. ते येतं ना तुम्हाला?"

"भाच्याने शिकवलंय. पण बाळा, तुझी वेळ..."

"माझी वेळ मी बघते. जहाज पाचला सुटतं, साडेचारपर्यंतची मुभा मागून घेते. टॅक्सी करते. बाबा, हलू नका हां तिथून. एकदा तरी माझं ऐका."

हळूमामा ओंडक्यांशेजारच्या फळ्यांच्या ढिगावर जाऊन बसले. टॅक्सीवाला कसा असेल? घाई तर करणार नाही? पट्टा लावला असेल ना तिने? आयुष्यभर बावीस माणसं मागे घेऊन निर्धास्त बसणारा हा माणूस त्या तासाभरात रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला हळू, हळू म्हणत होता.

दोन पस्तीसला टॅक्सी आवारात शिरली. मागचं दार उघडून एक बाई उतरली. पांढरा गणवेश, वर निळा कोट, केस बारीक कापलेले. मामांनी आधी ओळखलंच नाही. मग ती चालायला लागली, आणि ती चाल मामींची होती. टाच आधी, खांदा पुढे, विंगेतून विंगेत जाणारी.

"उतरायच्या आधीच परत चढा म्हणतोय हा," ती टॅक्सीवाल्याकडे वळून बघत म्हणाली आणि हसली आणि हसता हसताच तिचं तोंड वाकडं झालं. "तीन वीसला निघालं नाही तर जहाज मला सोडून जाईल म्हणाला."

"आलीस ना. झालं तर मग."

ते गाडीत बसले. मामा सवयीने उजवीकडे गेले, ती डावीकडे, स्टिअरिंगपुढे. दोघांच्याही हे लक्षात आलं आणि कोणीच जागा बदलली नाही. तिने पिशवीतून हॉटेलातलं बांधून आणलेलं जेवण काढलं. ते तसंच मांडीवर राहिलं.

"केस का कापलेस?"

"टोपीत मावत नाहीत. बाबा, एक विचारू? फोनवर कधी धीर झाला नाही."

"विचार."

"आई चिडली होती का माझ्यावर? मी आले नाही म्हणून?"

मामांनी समोरच्या काचेतून बघितलं. वखारीत करवत थांबली होती. माणसं फळ्या एकीवर एक रचत होती.

"रोज संध्याकाळी विचारायची, जहाज कुठे असेल आता? मला काय ठाऊक? मग मी सांगायचो. कुठलंतरी बंदर. आज अमक्या ठिकाणी लागलं, तिथे हे मोठे दिवे आहेत, उद्या तमक्या ठिकाणी, तिथे बाजार आहे. रोज एक नवीन बंदर."

"खोटं?"

"साफ खोटं. एकदा तर एकच बंदर दोनदा सांगितलं."

"तिला कळलं?"

"प्रॉम्प्टरला चुकलेलं वाक्य कळत नाही होय? लगेच माझ्याकडे बघितलं तिने. पण अडवलं नाही. म्हणाली, पुढे?"

लेकीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि कपाळ त्यावर टेकलं. चुकून भोंगा वाजला. फळ्या रचणारी माणसं वळून बघायला लागली. ती दचकून मागे झाली, आणि मग दोघंही हसायला लागले. असे हसले की टॅक्सीवाल्यानेही मान बाहेर काढली.

"शेवटच्या दिवशी?" डोळे पुसत तिने विचारलं.

"शेवटच्या दिवशी मी म्हटलं, जहाज परत फिरलंय. अकरा दिवसांत येतेय. ती म्हणाली, हळू येऊ दे."

मग ते मामींबद्दल बोलत राहिले. मामींनी फुलझाडाच्या कुंडीत लपवलेल्या औषधाच्या गोळ्या. शेजारणीशी झालेलं भांडण आणि ते मिटवायला पाठवलेला चहाचा थर्मास. नव्या कंपनीचा एक पोरगेला नट घरी भेटायला आला आणि मामींनी पलंगावरून त्याला त्याचंच स्वगत दिलं, तो दोन ओळी विसरला होता म्हणून. लेक विचारत होती आणि मामा सांगत होते, आणि बऱ्याच दिवसांनी दोघांपैकी कोणालाही शब्द कमी पडत नव्हता.

टॅक्सीवाल्याने हात वर करून मनगटावर बोट ठेवलं.

"तुमच्या भाच्याला फोन केलाय मी," ती उतरताना म्हणाली. "पाळी संपली की तो मित्राच्या गाडीने येतोय. ही गाडी तो चालवेल. गाडीच्या कागदांवर त्याचंही नाव आहे म्हणाला. तोवर काय करायचं नाही?"

"हलायचं नाही."

"शहाणे." तिने त्यांचा दंड धरला आणि हात जरा वेळ तसाच ठेवला. मामी आजारी माणसाचा ताप असा बघायच्या. मग ती गेली. टॅक्सी फाटकातून बाहेर पडताना क्षणभर थांबली, डावीकडे-उजवीकडे बघितल्यासारखी, आणि कुंपणाआड गेली.

मामा फळ्यांवर येऊन बसले. मांडीवर न खाल्लेलं जेवण होतं. पाय आता स्वस्थ होता. आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की पंचेचाळीस मिनिटं त्यांनी नुसती मामींची गोष्ट सांगितली. लेकीला स्वतःबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ती कुठे झोपते? बरोबर कोणी मैत्रीण आहे का? समुद्र खवळला की तिला मळमळतं का? लहानपणी घाटात मळमळायचं. हे सगळं आता कुणाला विचारायचं? चौदा महिने.

त्यांनी फोन काढला. बोट जाड, अक्षरं बारीक. बराच वेळ लावून त्यांनी लिहिलं : तुझ्या खोलीला खिडकी आहे का?

उत्तर आलं नाही. ती धावत फाटकातून आत शिरत असेल. गणवेश बदलत असेल. वखारीतली माणसं कामावरून सुटली, ट्रकवाला जाताना मामांकडे बघून डोळ्यांना बोटं लावून गेला. उन्हं तिरपी झाली. जहाज सुटायची वेळ झाली तेव्हा मामा उठून उभे राहिले. समुद्र इथून दिसणं शक्य नव्हतं, भोंगा ऐकू येणं तर नाहीच. तरी टॅक्सी गेली त्या बाजूला तोंड करून ते उभे राहिले.

पाच वाजून गेल्यावर फोन थरथरला.

"नाही बाबा, खिडकी नाही. पाण्याच्या पातळीखाली आहे खोली. पण पाळीनंतर वर डेकवर जाता येतं. आत्ता तिथेच आहे. किनारा दिसतोय अजून."

मामा घाईघाईने लिहू लागले. इतकी घाई की दोनदा चुकलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. कुठल्या बाजूला उभी आहेस? थंडी आहे का? कोट घातलास ना? पाठवलं. संदेशाशेजारी एक खूण उमटली. म्हणजे इथून निघाला. पोचला की तिथे दोन खुणा होतात, हे भाच्याने शिकवलं होतं.

भाचा आला तेव्हा अजून उजेड होता. मित्राच्या गाडीतून उडी मारूनच तो धावत आला. "मामा! बरा आहेस ना? बस गाडीत. चल, निघू."

"थांब जरा," मामा म्हणाले. ते फोनकडे बघत होते. तिथे अजून एकच खूण होती.